वाड्यातली मुले

वाचकहो, थोर पुरुषांची चरित्रे आपण सगळेच आवडीने वाचतो. त्या चरित्रांत त्यांच्या मुलांना किती जागा मिळते, हे कधी पाहिले आहे का? जन्माची एक ओळ असते, लग्नाची एक ओळ असते, आणि एखादे मूल अकाली गेले असेल तर पित्याच्या धैर्याचा दाखला म्हणून एक परिच्छेद असतो. मुलींच्या वाट्याला तर एवढेही येत नाही. यंदाच्या पुस्तिकेसाठी मी पुस्तक उलट्या बाजूने उघडणार आहे. ज्याचे वडील साऱ्या देशाचे आहेत, ते मूल घरात कसे वाढते? त्याला वारशाने काय मिळते, आणि काय मिळत नाही?

मी धंद्याने होमिओपॅथिक डॉक्टर आहे. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, अधिकाराचा नव्हे. पण आमच्या शास्त्रात औषधाची पुडी लहान आणि रोग्याची हकीकत मोठी असते. आईवडील कसे होते, घरात कोणाचा शब्द चालत असे, लहानपणी कशाची धास्ती वाटे, हे सारे आम्ही विचारतो. हकीकत ऐकण्याची ही सवय इतिहास वाचतानाही सुटत नाही. म्हणून जे तपशील इतिहासकाराला किरकोळ वाटावेत, त्यांच्यापाशी मी थोडा थांबेन.

सुरुवात डभोईपासूनच करतो, कारण या प्रश्नाचा एक जुना दाखला आमच्याच शिवारात आहे. बाहेरच्या लोकांना डभोई ठाऊक असते ती हिरा भागोळीमुळे किंवा कवी दयारामांमुळे. आम्हा जैनांना ती उपाध्याय यशोविजयजींच्या अखेरच्या मुक्कामाचे गाव म्हणून पूज्य आहे. मराठ्यांच्या इतिहासात मात्र डभोईचे नाव येते ते १ एप्रिल १७३१ या तारखेने. त्या दिवशी पहिला बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची या परिसरात गाठ पडली आणि त्र्यंबकराव रणात पडले. शाहू महाराजांनी समजूत घातली आणि सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात ठेवले. ते उमाबाई दाभाडे यांच्या अल्पवयीन मुलाला, यशवंतरावांना मिळाले. शिक्का मुलाच्या नावाचा, कारभार उमाबाईंचा आणि गुजरातेतली मोहीम पिलाजी गायकवाडांची, अशी ती व्यवस्था होती.

पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, पिलाजीरावांचा डाकोरला दगाफटक्याने खून झाला. त्यांचा मुलगा दमाजी याच्या हाती वारसा म्हणून आले ते अर्धे राहिलेले काम. शोक करायलाही उसंत नव्हती. १७३४ मध्ये बडोदे पुन्हा हाती आले आणि गायकवाडांची सत्ता गुजरातेत रुजली. यशवंतरावांच्या नावामागे सेनापती हा किताब राहिला, पण सत्ता हळूहळू दाभाड्यांच्या हातून निसटून त्यांच्याच सरदाराच्या घराण्यात गेली.

एकाच भूमीवर, एकाच सुमारास, दोन मोठ्या माणसांची ही दोन मुले. एकाला नाव मिळाले, दुसऱ्याला काम मिळाले. नाव आपोआप मिळते. त्यासाठी मुलाला काही करावे लागत नाही. काम मात्र कोणीतरी द्यावे लागते, किंवा निदान करू द्यावे लागते. वाचकहो, एवढा फरक लक्षात ठेवा. पुढची सारी हकीकत त्याच्याभोवतीच फिरते.

दमाजीच्या या वंशाच्या गादीवर पुढे सयाजीराव महाराज आले. पुण्याच्या नारायण पेठेत बडोदेकरांचा एक मोठा वाडा होता. १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी तो सयाजीरावांकडून विकत घेतला. गायकवाड वाडा हे त्याचे नाव पुढेही लोकांच्या तोंडी राहिले. केसरीचे कामकाज, छापखाना, गणेशोत्सव, सभा, देशभरातून येणारे कार्यकर्ते आणि टिळकांचे बिऱ्हाड, सगळे त्या एका वाड्यात. आता या वाड्याकडे एका मुलाच्या डोळ्यांनी पाहू. त्याचे नाव श्रीधर, लोकमान्यांचे धाकटे चिरंजीव. घरात त्याला बापू म्हणत. जन्म १८९६ चा.

आमच्याकडे रोग्याची हकीकत लिहिताना वय आणि घटना समोरासमोर मांडतात. श्रीधरपंतांची तशी मांडून पाहा. १८९७ मध्ये वडिलांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा ठोठावली गेली. तेव्हा मूल एका वर्षाचे होते. १९०३ मध्ये थोरला भाऊ विश्वनाथ प्लेगने गेला. तेव्हा वय सात. १९०८ मध्ये दुसरा खटला आणि सहा वर्षांची शिक्षा. तेव्हा वय बारा. १९१२ मध्ये आई सत्यभामाबाई गेल्या आणि वडील मंडालेच्या तुरुंगात होते. तेव्हा वय सोळा. १९१४ मध्ये वडील सुटून आले तेव्हा अठरा. मग होमरूलचे दौरे, आणि १९१८–१९ मध्ये चिरोल खटल्यासाठी वडिलांचा विलायतेतला मुक्काम. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले, तेव्हा श्रीधरपंत चोवीस वर्षांचे होते. जाणत्या वयात वडील सलग घरी आहेत, असा काळ या मुलाला किती मिळाला, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

१९०८ च्या त्या शिक्षेचा एक धागा आमच्या भागाशी जुळतो. २२ जुलैच्या रात्री मुंबईच्या हायकोर्टाने शिक्षा सुनावली. त्यानंतर टिळकांना खास गाडीने आधी साबरमतीच्या तुरुंगात नेले आणि सप्टेंबरात तेथून मंडालेला. मुंबईहून अहमदाबादला जाणारा लोहमार्ग मियागाम आणि बडोद्यावरून जातो. मियागामहून डभोईपर्यंत खंडेराव महाराजांनी १८६२ मध्येच छोट्या रुळांची गाडी सुरू केली होती. ती आरंभी बैल ओढत असत. त्या मियागामवरून टिळकांची गाडी गेली असणार, आणि गावोगावचे लोक दुसऱ्या दिवशी हळहळले असतील. साऱ्या देशाला त्या दिवशी आपला पुढारी गेल्याचे दुःख झाले. पुण्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाचे मात्र वडील गेले होते. ही दोन दुःखे एक नव्हेत. पण देशाचे दुःख इतके मोठे असते की मुलाला आपले वेगळे दुःख मांडायला जागाच उरत नाही. उलट लोक येऊन त्यालाच सांगतात, बाळ, तुला अभिमान वाटला पाहिजे.

टिळक कठोर बाप होते, असे कोणी समजू नये. मंडालेहून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना ते पत्रे पाठवत, त्यांत मुलांच्या अभ्यासाची, प्रकृतीची चौकशी असे. पत्नीच्या निधनाची तार आली तेव्हाही त्यांना मुख्य काळजी वाटली ती दोन मुलांची. त्यांचा अभ्यास खंडित होऊ नये, आपणही लहान वयातच आईबापांना मुकलो होतो, संकटाने माणूस स्वावलंबी व्हावा, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. पत्र वाचताना बापाची माया जाणवते. तिची रीत मात्र त्या काळची आणि त्या माणसाची होती. स्वतः ज्या वाटेने चाललो तीच वाट त्यांनी मुलांना दाखवली. टिळकांना पोरकेपणाने बळ दिले होते. तेच औषध, तीच मात्रा मुलांनाही लागू पडेल, असे त्यांनी धरले. एकाच तक्रारीवर दोन सख्ख्या भावांना वेगवेगळे औषध द्यावे लागते, हे आमच्या धंद्यात रोज दिसते.

लोकमान्यांच्या पश्चात केसरी आणि मराठा ही पत्रे विश्वस्तांच्या हाती राहिली. रामभाऊ आणि श्रीधरपंत हे दोघे मुलगे एका बाजूला, विश्वस्त दुसऱ्या बाजूला, असा वाद पेटला आणि तो कोर्टापर्यंत गेला. अनेकान्त हा माझ्या घरातला शब्द आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. विश्वस्तांचे म्हणणे असे की केसरी ही लोकांची ठेव आहे. ती घराण्याची मिळकत होता कामा नये, आणि तिचे धोरण बदलता कामा नये. यात खोटे काही नाही. मुलांचे म्हणणे असे की हे आमचे घर आहे, इथे आम्ही वाढलो, आणि वडिलांच्या नावाने इथे काय चालते यात आम्हालाही बोलू द्या. यातही खोटे काही नाही. लोकमान्य हयात असताना घर आणि संस्था एकाच वाड्यात नांदली. ते गेल्यावर लक्षात आले की दोहोंमध्ये भिंत कधी घातलीच नव्हती.

वाद केवळ जागेचा असता तर आज त्याची आठवण काढण्याचे कारण नव्हते. श्रीधरपंतांना नाव मिळाले होते; ते कामाच्या शोधात होते आणि त्यांना काम सापडलेही. ते काम जातिभेद मोडण्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समाज समता संघाशी ते जोडले गेले. प्रबोधनकार ठाकरे त्यांच्या स्नेह्यांपैकी होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांचा मेळा गणेशोत्सवात गायकवाड वाड्यात यावा यासाठी हे बंधू उभे राहिले आणि त्यावरून मोठी खळबळ उडाली. ८ एप्रिल १९२८ रोजी त्याच वाड्यात समता संघाची पुण्याची शाखा सुरू झाली, सर्व जातींचे सहभोजन झाले, आणि स्वतः डॉ. आंबेडकर त्याला आले. ज्या आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीत असताना आमच्या बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती, त्यांना बडोदेकरांच्या जुन्या वाड्यात टिळकांच्या मुलाने पंक्तीला बसवले. बडोद्याच्या वाचकाने ही गोष्ट विसरू नये.

पुण्यातल्या पुष्कळांना हे सहन झाले नाही. टिळकांचा मुलगा टिळकांच्या विरुद्ध गेला, असा बोभाटा झाला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर वडिलांचे मत वेगळे होते, हे खरेच आहे. पण लोकमताच्या विरुद्ध उभे राहण्याचा हट्ट, सोयीसाठी माघार न घेण्याचा स्वभाव, पटलेल्या गोष्टीसाठी आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेण्याची तयारी, हे सारे कोणाकडून आले होते? लोकांना वडिलांची मते मुलात हवी होती. मुलाने उचलला तो वडिलांचा कणा. त्या सगळ्या गदारोळात हे फार थोड्यांना दिसले.

२५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी आपल्या आयुष्याचा शेवट केला. वय अवघे बत्तीस. त्याआधी त्यांनी डॉ. आंबेडकरांना पत्र लिहिले. समता संघाचे काम सुशिक्षित तरुणांनी पुढे न्यावे, अशी इच्छा त्यात होती. डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. अशा मृत्यूला एकच एक कारण कधी नसते, आणि शंभर वर्षांनंतर अमक्याने बळी घेतला असे बोट दाखवणे सोपे असले तरी योग्य नव्हे. कोर्टकचेऱ्या होत्या, मनाला सल होते, शरीराचे आणि मनाचे आपल्याला न दिसणारे दुखणेही असू शकते. पण इतके नक्की म्हणता येते की ज्या माणसाला आपले काम सापडले होते, त्याला ते स्वतःच्या घरात सुखाने करता आले नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांच्यावर लिहिताना, लोकमान्य ही पदवी कोणाला शोभली असती तर ती श्रीधरपंतांना, अशा अर्थाचे उद्गार काढले. वडिलांच्या राजकारणाचे कडवे टीकाकार असलेल्या माणसाने मुलाला दिलेली ही पावती आहे.

हे एका घरापुरते आहे का? आमच्या गुजरातेकडे पाहा. गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांना काम मिळाले नव्हते असे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहात ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. लोक त्यांना छोटे गांधी म्हणू लागले होते. पण ते काम वडिलांचे होते. हरिलालना स्वतःला हवे होते शिक्षण. विलायतेला शिकायला जाण्याची संधी आली ती गांधीजींनी इतरांना दिली. स्वतःच्या मुलाला झुकते माप द्यायचे नाही, हे त्यांचे तत्त्व होते. तत्त्व शुद्धच होते, पण त्याची किंमत मुलाने मोजली. १९११ मध्ये हरिलाल घर सोडून निघाले आणि १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, ते गेले. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे मराठी नाटक आले, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मी त्यातून एवढेच घेतो की काम मिळाले तरी ते आपण निवडलेले नसेल, तर त्याचे ओझेच होते.

करमसदच्या मणिबेन पटेलांची हकीकत निराळी. १९०९ मध्ये आई गेली तेव्हा त्या जेमतेम सहा वर्षांच्या होत्या. वडील वल्लभभाई पुढे बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेले, तेव्हा ही मुलगी आणि तिचा भाऊ डाह्याभाई मुंबईत राहून शिकत होते. मोठेपणी मणिबेननी वडिलांची सेवा हेच आपले काम मानले. स्वतः सूत कातणे, सरदारांच्या भेटीगाठींची वेळ सांभाळणे, रोजनिशी लिहिणे, आणि वेळ आली तेव्हा तुरुंगात जाणे, हे त्यांनी जन्मभर केले. सरदारांच्या मागे त्या लोकसभेवर निवडूनही गेल्या. त्यांनी निवडलेले आयुष्य आपल्याला खडतर वाटेल, पण निवड त्यांची होती.

आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरी? यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला आले. पाच भावंडांत एकटे यशवंतराव जगले. प्रकृती नाजूक आणि वडील कायम कामात. त्यांनी छापखाना सांभाळला, आणि बाबासाहेबांच्या पश्चात धम्माच्या संघटनेचे काम हाती घेतले. दादरच्या चैत्यभूमीच्या उभारणीमागे त्यांचे कष्ट आहेत. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक तिथे नतमस्तक होतात. त्यांतल्या कितीजणांना भय्यासाहेबांचे नाव आठवत असेल?

वाचकहो, आता तुमच्या-माझ्याकडे येतो. माझ्या दवाखान्यात नावाजलेल्या घरची मुले येतात. नाव लिहायच्या आधीच बाहेर बसलेले कोणीतरी सांगते, हे अमक्यांचे चिरंजीव. मुलगा चाळीस वर्षांचा असला तरी तीच ओळख. तो वडिलांसारखा निघाला तर लोक म्हणतात, आयते मिळाले. निराळा निघाला तर म्हणतात, वडिलांचे नाव घालवले. या दोन वाक्यांच्या मधे उभे राहण्याइतकी जागा आपण त्याला देत नाही. राष्ट्रपुरुषाच्या बाबतीत हे दवाखान्यापुरते राहत नाही. सारा देश त्या मुलाकडे तसे पाहतो. वडिलांची तसबीर आपण भिंतीवर पक्की ठोकतो आणि मुलाने त्या चौकटीत बसावे, अशी अपेक्षा धरतो.

मोठ्या माणसाचा वारसा त्याच्या मुलांचा की समाजाचा, हा वाद कोर्टात सुटतो. पण मुलाने आपले आयुष्य कशाला वाहावे, हा प्रश्न कोर्टाचा नव्हे आणि समाजाचाही नव्हे. ते ठरवण्याचा हक्क त्याचाच राहू द्यावा, इतके तर आपल्या हाती आहे.

श्रीधरपंतांचे चिरंजीव जयंतराव वडील गेले तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. आजोबा त्यांना तसबिरीतच भेटले, आणि वडीलही फार लवकर तसबिरीत गेले. हाच मुलगा पुढे केसरीचा संपादक झाला, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरला आणि महाराष्ट्र विधानपरिषदेचा सभापती झाला. ज्या वाड्यात वडिलांना आपले काम सुखाने करता आले नाही, त्याच वाड्यात मुलाने वर्षानुवर्षे काम केले. पुण्याला गेलात तर नारायण पेठेतला तो वाडा जरूर पाहा. लोकमान्यांच्या वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. मात्र तिथे उभे असताना १९२८ च्या एप्रिलातली ती पंगतही डोळ्यांसमोर आणा, आणि ती मांडणाऱ्या बत्तीस वर्षांच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने आठवा.